डॉक्टरांचं मुंगूस

“थांबा! परत एकदा.”

दवाखान्यात कोणी शिंकलं की आमचे डॉक्टर असं ओरडून खुर्चीतून उठत. तुम्हीही पाहिलं असेल, बाहेर निघताना शिंक ऐकली की माणसं घटकाभर खाली बसतात. साऱ्या सोलापुरात शिंकेला उठून उभा राहणारा हा एकच माणूस. मी त्यांचा कंपाउंडर.

एकदा मंद्रूपचा एक शेतकरी आला. “डाक्टर, लई पडसं हाय. औषद द्या की.”

“वा, छान! ताजं आहे ना?”

बिचाऱ्याला औषध नंतर मिळालं. आधी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या बाटलीत कराव्या लागल्या. ते पाणी डॉक्टर चिनी मातीच्या गाळणीतून गाळत. बाकीचे जंतू तिच्यात अडकतात, फ्लूचा जंतू मात्र तिच्यातूनही निसटतो, सूक्ष्मदर्शकातही दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं. “दिसणार नाही हो, पण कोणाला तरी शिंकायला लावील की!”

हा कोणी म्हणजे मुंगूस. विलायतेत तसल्याच एका प्राण्याला माणसाचा फ्लू झाल्याचं त्यांनी मासिकात वाचलं, आणि आठवड्याभरात वैरागहून पिंजरा आला. गाळलेलं पाणी मुंगसाच्या नाकात सोडायचं काम माझं. बोटांवरचे व्रण अजून आहेत. मुंगूस काही शिंकेना.

गावात मात्र बोभाटा झाला. मुंगसाचं दर्शन शुभ, मग काय विचारता! कोर्टात तारीख असलेले, मुलगी बघायला निघालेले, सगळे सकाळी दवाखान्यात हजर. एक बाई तर हळदकुंकू घेऊन आल्या. मी वैतागलो. डॉक्टर म्हणाले, “येऊ द्या हो. त्यात एखादा पडशाचा निघेल.”

एकदा चिडून मी विचारलंच, “ही हौस कशासाठी, डॉक्टर?”

ते गाळणी धूत राहिले. “मानमोडीच्या साथीत बायको गेली. हाच फ्लू असणार. मी डॉक्टर, आणि कशानं गेली ते तिच्या आईला सांगता आलं नाही. तेवढं सांगता यायला हवं.”

त्यानंतर मुंगसाचे चावे मी मुकाट्यानं खाल्ले.

पुढं फ्लूनं त्यांनाच गाठलं. छाती भरली, तरी गुळण्या करून बाटली माझ्या हातात दिली. मी पाणी गाळलं, मुंगसाच्या नाकात सोडलं. तिसऱ्या दिवशी ते मलूल दिसलं, नाक गळत होतं. पिंजरा उचलून मी डॉक्टरांच्या घरी पळालो. भेटायला आलेले नातेवाईक निघायला उठले होते. मुंगूस पाहून त्यांनी हात जोडले. मी पिंजरा उशाशी ठेवला, आणि ते शिंकलं.

उठलेले सगळे मटकन खाली बसले. डॉक्टरांनी डोळे उघडले नाहीत. ओठ हलले म्हणून मी कान जवळ नेला.

“थांबा,” ते म्हणाले, “परत एकदा.”

मुंगूस परत शिंकलं. तोवर डॉक्टर गेले होते. पण ती दुसरी शिंक त्यांनी ऐकली, असंच मी आजवर सगळ्यांना सांगत आलोय.