मिस्त्रींचं पाण्यातलं बांधकाम

मिस्त्रींना मी पहिल्यांदा पाहिलं ते ठेकेदारासमोर. नव्या भिंतीला तडा गेला होता आणि खापर गवंड्याच्या डोक्यावर फुटत होतं. मिस्त्रींनी खिशातून ओळंबा काढला, भिंतीवरून सोडला. "माणूस खोटं बोलेल साहेब, दोरी नाही बोलत. भिंत सरळ आहे. खचलाय तो पाया. आणि पाया तुम्ही खाल्लाय." दुसऱ्या दिवसापासून त्यांना काम नव्हतं. अशा माणसाच्या नावाची पाटी कुठल्याच इमारतीवर लागत नाही, म्हणून हे लिहायचं.

पुढे गुडघे गेले, परांचीवर चढणं बंद झालं. मिस्त्री घरात बसले आणि गप्प झाले. सून दवाखान्यांत, हॉटेलांत माशांच्या टाक्या लावून द्यायची. दातांच्या एका डॉक्टरांनी दवाखान्यासाठी तिच्याकडून खाऱ्या पाण्याची टाकी मागितली. तिचं असलं पहिलंच काम. त्यात रचायचे होते समुद्रातले, भोकाभोकांचे दगड. त्या भोकांत बारीक जीव राहतात, पाणी साफ ठेवतात, म्हणून त्यांना जिवंत दगड म्हणतात.

"जिवंत?" मिस्त्रींनी एक हातात तोलला. "मग याची हजेरी कोण मांडणार?"

"हजेरी मी मांडते. रचायचे तुम्ही, मामंजी. फक्त आधी दगड काचेच्या तळावर टेकवा, वाळू मागाहून ओता."

"काचेवर? वेड लागलं का तुला! दगडाला खाली गादी लागते. अख्खी हयात फरश्या वाळूवर बसवल्या मी. मिस्त्री कोण, तू का मी?"

"मिस्त्री तुम्हीच. पण ही वाळू गप्प बसायची नाही. हिच्यात खणणारे येणारेत."

"येऊ देत. माझा दगड हलला तर थापी खाली ठेवीन."

ऐकून घेणं सुनेच्या स्वभावात नव्हतं. पण त्या दिवशी म्हाताऱ्यानं कित्येक दिवसांनी आपणहून दाढी केली होती. तिनं वाळूची पिशवी त्यांच्यापुढे सरकवली.

मिस्त्रींनी वाळू धुतली, पसरली, थापीनं दाबली. वर दगड रचले, मधोमध कमान काढली. पेशंट दुखरा दात विसरून बघत बसायचे.

काही आठवड्यांनी पाणी माशांना राहण्याजोगं झालं. डॉक्टरांनी हौसेनं सांगितलेली जोडी सुनेनं आत सोडली, एक कोळंबी आणि एक मासा. कोळंबीला धड दिसत नाही. ती बीळ खणते, मासा दारात उभा राहून राखण करतो.

मिस्त्री बघून उखडले. "एक मरेस्तोवर वाळू उपसतेय, दुसरा नुसता उभा! इथंही मुकादम आहेच?"

सुनेनं ओळंबा त्यांच्या हातात दिला. "मुकादमावर लक्ष ठेवा. रोज येऊन दोरी लावत जा."

मिस्त्री रोज जाऊन काचेबाहेरून दोरी धरायचे. दगडाची कड आणि दोरी जुळली की ऐटीत घरी यायचे. एका सकाळी कड जुळली नाही. त्यांनी दोरी पुसली, पुन्हा धरली. मग दाराच्या चौकटीला लावून बघितली. चौकट सरळ होती. ते पेशंटच्या खुर्चीत मटकन बसले.

"दात दुखतोय का आजोबा?" काउंटरवरच्या बाईंनी विचारलं.

"दात नाही. पाया."

त्यांनी सुनेला फोन केला. ती धावत आली. कमानीखालची वाळू कोळंबीनं पोखरली होती आणि वरचा मोठा दगड काचेकडे कलला होता.

"दोरी म्हणते, पाया मीच खाल्लाय," मिस्त्री म्हणाले. "थापी ठेवतो."

"ठेवा खुशाल. आधी दगडांखाली लावायला पाईप कापून द्या. काच फुटायच्या आत दोरीनं सांगितलं ना? मग!"

दगड खाऱ्या पाण्याच्या बादल्यांत गेले, कारण वाळले तर आतले जीव मरतात. मुकादम आणि कोळंबी वेगळ्या बादलीत. वाळू उपसून काच उघडी केली. प्लॅस्टिकच्या पाईपचे आखूड तुकडे काचेवर उभे केले, त्यांवर चपटे दगड, त्यांवर बाकीचे. तुकडे मिस्त्रींनी असे कापले होते की वर ठेवलेल्या लेव्हलच्या नळीतला बुडबुडा मध्येच थांबला. पण प्रत्येक दगड टेकवण्याआधी ते सुनेकडे बघत. ती मान हलवायची, किंवा म्हणायची, "अं हं, जरा डावीकडे." सगळं पक्कं बसल्यावर वाळू भोवतीनं ओतली.

डॉक्टर बाहेर आले. "काय मिस्त्री, आता हलणार नाही ना?"

मिस्त्री थापी धूत होते. "मला काय विचारता? मिस्त्री त्या. मी हाताखालचा."

सून बादलीवर वाकलेली होती. तिनं वर पाहिलं नाही. "हाताखालच्यानं तो पाण्याचा पाईप द्यावा," एवढंच म्हणाली.

कोळंबीनं पुढे तळाच्या काचेपर्यंत बीळ नेलं. दगड जागचा हलला नाही. मिस्त्री अजूनही रोज ओळंबा घेऊन जातात. दोरी सरळ लागते. तरी मुकादमाला एक शिवी हासडल्याशिवाय घरी येत नाहीत.