तिच्या हातावरचे दोन चौकोन

त्या बाईचा मला राग यायचा. खरं लिहायचं तर हेवा वाटायचा.

चंदीगडहून डेराबस्सीला जाणाऱ्या सकाळच्या बसमध्ये ती खिडकीशी बसायची, आणि बसमधल्या कामगार बायका तिच्याशीच बोलायच्या. तिथल्या क्रीमच्या कारखान्यात ती प्रयोगशाळेत होती. उन्हापासून कातडी वाचवणारं नवं क्रीम याच कामगार बायकांच्या हातांवर लावून बघायचं ठरलं होतं. बायकांना विचारलं कुणी? मी त्याविरुद्ध पत्रकं काढली, हिंदीत आणि पंजाबीत. बायका ती घ्यायच्या आणि त्यांनी सीट पुसायच्या.

त्या आठवड्यात दोन दिवस ती हात खिडकीबाहेर काढून बसली. मला वाटलं, काय ही ऐट!

तिसऱ्या दिवशी नाक्यावर पोलिसांनी झडतीसाठी सगळ्यांना उतरवलं, हात वर करायला लावले. तिची बाही घसरली. हातावर शाईने आखलेले दोन चौकोन होते. बाहीखाली झाकलेला नितळ होता; उन्हात राहिलेला लालभडक, फोडांनी भरलेला.

शिपाई दचकला. "बीबी, ए की होया?"

"क्रीम है जी. दोनों जगह वही. औरों को लगाने से पहले खुद पे देखी."

बायका भोवती जमल्या. "असी नहीं लगवाणी," आम्ही नाही लावून घेणार, असं त्यांच्यातली थोरली म्हणाली, आणि सगळ्यांनी माना हलवल्या.

मी पुढे घुसले. "यही तो मैंने लिखा था!"

"लिखा तो ठीक था, भैणजी," प्रयोगशाळेवाली हसली. "पर कागज़ को खुजली नहीं होती."

शिपाईसुद्धा हसला.

चाचणी रद्द झाली. मी आठवडाभर दुसऱ्या बसने गेले. हा लढा बायकांचा आहे, असं मी ठळक अक्षरांत छापलं होतं. मला तो माझा हवा होता.