हसण्याआधी बसणाऱ्या सुजाताताई

कोणी विनोद सांगायला लागलं की सुजाताताई आधी खाली बसायच्या. खुर्ची नसली तर सरळ जमिनीवर, भिंतीला पाठ लावून. मग म्हणायच्या, "हां, बोला आता." नव्या माणसाला वाटायचं, बाई भलतीच रसिक दिसते, बैठक मारून ऐकते.

वागळे इस्टेटमधल्या आमच्या कंपनीत रबराचे वायसर बनत. ते दिव्याखाली धरून चिरलेले वेगळे काढायचे, हे आम्हा दोघींचं टेबलावरचं काम. मी नवीन होते आणि नकला करायची मला खोड. दुसऱ्याच आठवड्यात मी आमच्या सुपरवायझरची, परबसाहेबांची चाल करून दाखवली. ताई तेव्हा बेसावध उभ्या होत्या. त्या हसल्या, त्यांचा जबडा लोंबला, गुडघे गेले आणि त्या टेबलाशेजारी कोसळल्या. "फिट आली, फिट आली!" असा गलका झाला. कुणीतरी पायातली चप्पल काढून त्यांच्या नाकाशी धरली, कॅन्टीनमधून फोडलेला कांदा आला. दोन मिनिटांनी ताई उठल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "चप्पल कुणाची होती ती? शेणात पाय देऊन आलात काय? पडल्यावर मला सगळं ऐकू येतं हो. वास तर जास्तच येतो."

सगळे हसलो. फिट आलेल्या माणसाला वास कसा येईल, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. माझ्यासुद्धा नाही.

पडणं कधीतरीचं, झोप मात्र रोजची. हातात वायसर धरून त्या झोपायच्या आणि हात तसाच चालू राहायचा. मग चांगला माल रिजेक्टच्या खोक्यात. परबसाहेब ओरडायचे, "बाई, रात्री दरोडे घालता काय?" ताई शांतपणे सांगायच्या, "साहेब, तुम्हाला झोप येते. मला ती घेऊन जाते. विचारतपण नाही." घरी ठाकुर्लीला सासूबाई त्यांना सूर्यवंशी म्हणत. ही सूर्यवंशी पहाटे पाण्याला उठायची, आणि चौदा वर्षांत कामावर एकदाही उशिरा आली नव्हती.

कल्याणपासून ठाण्यापर्यंत त्यांनी डॉक्टर सोडला नाही. एकाने रक्त कमी सांगितलं, एकाने थायरॉइड, एकाने "मन रमवा" म्हणून वाटेला लावलं. शेवटी एकाने मिरगी ठरवली. नऊ वर्षं त्या मिरगीच्या गोळ्या खात होत्या, आणि त्या गोळ्यांनी झोप आणखीच वाढत होती. मुलीला स्थळं यायची ती "आईला फिट येतात म्हणे" एवढं विचारून परत जायची. ताईंनी लग्नाबारशांना जाणं सोडलं. "मयताला बिनधास्त जाते," त्या म्हणायच्या. "तिथे कुणी हसवत नाही."

मग ठाण्यात एक तरुण डॉक्टर भेटला. सोबत मीच गेलेले. फाइल चाळून झाल्यावर त्याने विचारलं, "पडता, त्याच्या आधी काय करत असता?"

"हसते," ताई म्हणाल्या.

त्याने पेन खाली ठेवलं. इतक्या वर्षांत हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. डोक्याला तारा लावून त्यांना एक रात्र झोपवलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा पाच वेळा झोपवून पाहिलं. बाहेर आल्या त्या खुशीत. "अगं स्मिता, आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला झोप म्हणालं, आणि मी पहिल्या नंबराने पास!"

मिरगी नव्हतीच; आजाराचं नाव नार्कोलेप्सी, दिवसा झोप आवरत नाही आणि हसू आलं की अंगातली ताकदच जाते. पुरता बरा होत नाही, पण योग्य गोळ्या आणि दिवसातून दोनदा पंधरा मिनिटं झोप, एवढ्यावर माणूस नीट काम करतो. डॉक्टरांनी तसं पत्र दिलं. ते छातीशी धरून ताई जिन्यातच रडल्या. "मी आळशी नाही हे कागदावर आलं गं."

तो कागद त्यांनी मोठ्या विश्वासाने ऑफिसात दिला. तिथेच घात झाला. चौदा वर्षं जी बाई आळशी म्हणून चालली, ती आजारी म्हणून पंधरा दिवससुद्धा चालली नाही. ऑफिसने आम्हाला एकेकीला बोलावून फॉर्म भरायला लावला: यांना कामावर पडताना पाहिलं आहे का? किती वेळा? मी लिहिलं, "हो. सहा-सात वेळा." खालती सही केली. त्यातल्या बहुतेक वेळा माझ्याच नकलांमुळे पडल्या, आमच्या खोलीत एकही मशीन नाही, त्यांच्या पडण्याने कुणाला खरचटलंही नाही, हे लिहायला फॉर्ममध्ये जागा नव्हती. आणखी एक कागद मागता आला असता. मी मागितला नाही. मला कायम करण्याचं पत्र त्याच टेबलावर सहीसाठी पडलं होतं. या गोष्टीची मला आजही लाज वाटते, आणि ती वाटून काही उपयोग नाही.

"सुरक्षेच्या कारणास्तव" ताईंना घरी बसवलं. शेवटच्या दिवशी त्यांना ते सगळे फॉर्म दाखवले. माझा त्यांनी दोनदा वाचला. मी काहीबाही बोलायला लागले तशा म्हणाल्या, "खोटं काहीच नाही लिहिलंस गं. सगळं खरं आहे. फक्त अर्धं आहे." आणि डबा पिशवीत घालून निघाल्या.

गोळ्या लागू पडल्यात, असं त्यांच्या मुलीकडून कळलं. मी कायम झाले. अधूनमधून त्यांना फोन करते. दुपारी उचलला नाही तर झोपल्या असतील, अशी मनाची समजूत घालते. पण त्या सकाळीही उचलत नाहीत.