जागल्याले रामराम

पोरी, हे वाचतानी अशी जवळ सरक. फोनवर "मोठेबाबा बरे हायेत न?" विचारते अन् मी तोंड उघडायच्या आंत तू फोन ठेवून देते, हे काही बरं नाई. आता पुरतं ऐक.

मोठेबाबांच्या फुफ्फुसात कॅन्सरची गाठ निघाली, तवा तुझा बाप, माझा दीर, मूल गावावरून गुळवेलीची मोळी घेऊन आला. "वहिनी, शक्ती कमी पडली. शक्ती वाढवा, गाठ विरते." शहाणा! जन्मभर राइस मिलात कोंडा पाखडला, अन् आता माणसाचं रक्त पारखून राह्यला. मी बी येडीच. महिनाभर काढा उकळला.

चंद्रपूरच्या डॉक्टरीणबाईनं तो काढ्याचा डबा हुंगला अन् झाकण लावून बाजूले ठेवला.

"बाई, शक्तीचा प्रश्न नाही. तपासायला काढलेल्या तुकड्यात शरीराच्या राखणदार पेशी गाठीभोवती भरपूर दिसल्या."

"मंग मारत काऊन नाईत?"

"गाठीची पेशी त्यांना खूण दाखवते, मी घरचीच आहे म्हणून. खूण पटली की राखणदार गप्प बसतो."

मले हसू आलं, अन् किळस बी. अवो, हा तर रातच्याले आपलं धान राखणारा जागल्या! मचाणावरून डुकरं हाकलते, पण चोरानं खालून "रामराम भाऊ" म्हटलं का वरून "रामराम" म्हणते अन् बिडी मागते. असल्याले गुळवेल पाजून काय होते? धष्टपुष्ट होऊन झोपन! अन् ती गाठ? वाघाले निदान मान देता येते. हे तर घरचंच खाऊन फुगलेलं, घरच्याच बोलीत रामराम घालणारं हलकट.

सलाईनमधून देतेत ते औषध गाठीले मारत नाई, तो रामराम तेवढा तोडते. मंग जागल्या डोळे उघडते. सगळ्यायलेच लागू पडन असं नाई, हे बी बाईनं आधीच सांगितलं.

दोन सलाईनी झाल्या. दम लागणं कमी झालं, हे विहिरीपर्यंत चालू लागले. मंग आंगाले खाज सुटली. जागा झालेला जागल्या कधी घरच्यावर बी काठी उगारते. म्हणून काही वाटलं का लगेच कळवा, असं बजावलं होतं. मी फोन केला. बाईनं मलम सांगितलं, अन् पुढच्या सलाईनच्या आधी तपासते म्हणाली. तेवढ्यात तुझा बाप हजर. "पाहा, इंजेक्शननं रक्त नासवलं!" अन् हे लगेच भिताडाकडं तोंड करून बसले. "आता नाई जात. तुले काय समजते?"

मले समजते! दोघं भाऊ मिळून एका गाठीपुढं शेपूट घालून राह्यले, एवढं तर आंधळ्याले बी दिसन.

सोमवारी पुढच्या सलाईनसाठी चंद्रपूरले जायचं हाये. माझं ऐकत नाईत, तुझं ऐकतेत. तुझ्या बापाले मी पाहून घेते, तू फक्त मोठेबाबाले गाडीत बसव. रविवारच्या गोंडपिपरीच्या बसनं ये वो माय, फोन नको करू, येच.