वाजण्याआधी ऐकू आलेला सॅक्सोफोन

सर्व सुजाण नागरिकांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, गोवा घटकराज्य झालं त्या सुमारास, मुळगावात रेकॉर्ड केलेल्या एका टेपवर सॅक्सोफोन वाजण्यापूर्वीच ऐकू आला. टेप मी रेकॉर्ड केली होती. म्हणजे संशयितही मीच.

"हें कितें रे?" निर्माते दत्ताबाब यांनी हेडफोन काढले. "भूत घातलंस आत?"

अल्बम मुक्त जॅझचा. मुक्त म्हणजे आधी काही ठरवायचं नाही. चाल नाही, ताल नाही. एकमेकांचं ऐकायचं आणि सुचेल ते वाजवायचं. राजभाषा कोकणी की मराठी असा वाद घरोघरी पेटलेला, म्हणून दत्ताबाबांनी शब्दच नसलेला अल्बम काढला! सॅक्सोफोनवर आंतोन, डबल बासवर रुझार आणि घुमट या मातीच्या तालवाद्यावर पेडण्याचा सोनू. खनिजाचे ट्रक बंद असतात म्हणून रविवार धरला आणि एक रिकामं गोदाम घेतलं.

शेवटाकडे तिघंही अचानक थांबले. सात सेकंद काहीच नाही. मग आंतोनचा सॅक्सोफोन किंचाळला, आणि त्याच क्षणी सोनूची थाप पडली. सोनूचे डोळे मिटलेले. खूण नाही, मोजणी नाही. माझ्या अंगावर काटा आला.

दुसऱ्या दिवशी आंतोन बोटीवरच्या बँडमध्ये वाजवायला निघून गेला. वर्षभरासाठी.

आणि आता टेपवर, त्या सात सेकंदांत, किंकाळीच्या जरा आधी तीच किंकाळी. बारीक. भिंतीपलीकडून यावी तशी.

"भूत नाही, प्रिंट-थ्रू," मी म्हणालो. टेप गुंडाळली की वेढ्यावर वेढा बसतो. मोठा आवाज शेजारच्या वेढ्यावर पुसट उमटतो, ओल्या शाईच्या कागदाची घडी घातल्यासारखा. उकाड्यात जास्तच. म्हणून टेपचा शेवट बाहेर ठेवायचा. मग ही सावली आवाजाच्या मागे पडते आणि त्यातच बुडते. मी घाईत सुरुवात बाहेर ठेवून गुंडाळली होती. पंधरा दिवस, पत्र्याच्या खोलीत.

"आंतोन दर्यात. दुसरा टेक ना," दत्ताबाब म्हणाले. "निस्तर. नायतर परत माका तोंड दाखवू नको."

माझी एक जुनी सवय कामी आली. रेकॉर्डिंगआधी मी रिकाम्या खोलीची शांतता मिनिटभर टिपून ठेवतो. प्रत्येक खोलीची वेगळी असते. ब्लेडने ते सात सेकंद कापले, गोदामाची कोरी शांतता तिथे चिकटवली. भूत गेलं.

सोनू पहिल्यांदाच टेप ऐकायला आला. त्याला आम्ही यातलं अक्षरही सांगितलं नव्हतं. शांतता. किंकाळी. थाप. दत्ताबाबांनी माझी पाठ थोपटली.

धडा एवढाच: टेप शेवट बाहेर ठेवून गुंडाळावी, आणि कापलेला तुकडा कचऱ्यात टाकू नये. मी टाकला होता.

कारण सोनू उभा राहिला आणि ओरडला, "सायबानू, तो किंकाळीआदलो बारीक आवाज खंय गेलो? त्या दिसा तोच ऐकान तर मी थाप मारली!"