नाव घेतलं म्हणून सुधारले

ह्यांची आठवण जायला लागली ती एकोणीसशे नव्वदनंतरच्या वर्षांत. हिंदी मुलखात, रामघाटावरच्या वेदपाठशाळेत जन्मभर शिकवलेला माणूस, जेवून उठला की पुन्हा पाटावर येऊन बसायचा आणि "अजून वाढलं नाहीस?" म्हणून माझ्यावर ओरडायचा. मुलगा बँकेत. त्याने ओळखीतून एका मोठ्या इस्पितळातला डॉक्टर गाठला. डॉक्टर म्हणाला, मेंदूत आतल्या आत सूज येते आणि तिनेच आठवण जाते, असं आता काही जणांना वाटतंय. सांध्यांची सूज उतरवणारी एक गोळी ह्या कामी येते का, ते आम्ही बघतोय. बघतोय, म्हणजे ठाऊक नाही. मुलाने सही केली. मला कोणी विचारलं नाही.

गोळीआधी ह्यांची परीक्षा झाली. वार कुठला, गाव कुठलं, आणि मग, "पत्नी का नाम?"

हे खाली बघून नुसते हसले. पुन्हा विचारलं, तरी तेच. आमच्यात नवरा बायकोचं नाव घेत नाही. लग्नात घास देताना घेतलं तेवढंच, पुढे जन्मभर "अगं" आणि "ऐकलंस का". मी डॉक्टरला म्हटलं, "ये नाम लेते नहीं हैं. भूले नहीं हैं."

"माताजी, आप बीच में मत बोलिए," म्हणत त्याने भोपळा दिला. मुलगाही माझ्यावरच चिडला. "आई, इथे तरी तुझं पुराण नको."

गोळ्या सुरू झाल्या. ह्यांच्या पोटात आग पडायची, जेवण तुटलं. पुढे शौचाला डांबरासारखं काळं, रक्त मिसळलेलं व्हायला लागलं. मुलाला सांगितलं, तर म्हणाला, पुढच्या तपासणीला सांगू.

त्या तपासणीत तोच प्रश्न आला, आणि ह्यांनी माझं नाव घेतलं. खणखणीत, परक्या पुरुषांदेखत. डॉक्टर खूश. "देखिए, कितना सुधार है!" मुलाने आनंदाने माझा खांदा दाबला.

तेवढ्यात हे माझ्याकडे वळले. "बाई, तुम्ही ओळखता का हो तिला? सकाळपासून दिसली नाही."

मराठीत बोलले, डॉक्टरला कळलं नाही. मुलाला कळलं. त्याचा हात माझ्या खांद्यावरून खाली आला.

मग मी कोणाचं ऐकलं नाही. "मुझे पहचानते थे, इसलिए नाम नहीं लेते थे. अब नहीं पहचानते, तो ले लिया. इसको सुधार कहते हैं आप? और पेट से खून जा रहा है, उसका नंबर किधर है?"

"बीच में छोड़ देंगे तो सारा काम बिगड़ेगा, माताजी."

"आपका काम बिगड़ेगा. मेरा आदमी बिगड़ रहा है."

डॉक्टरने मुलाकडे बघितलं. सही त्याची होती ना! मुलगा म्हणाला, "माँ जो कह रही हैं, वही. बंद कीजिए."

गोळ्या सुटल्या आणि पोट सावरलं. ओळख काही परत आली नाही, आणि ती येईल असं मी धरलंही नव्हतं. औषधं शोधू नयेत असं मी म्हणत नाही. कोणावर तरी आधी करून बघावंच लागतं, आणि ती सूज खरीही असेल. पण रात्रंदिवस त्या माणसाचं करणारी बाई समोर बसलेली, आणि तिला एक प्रश्न विचारायला डॉक्टरची जीभ उचलत नाही?

डॉक्टरच्या कागदावर ह्यांच्या त्या उत्तरापुढे 'सुधार' लिहिलेलं होतं. ते खोडलं का, म्हणून मी नंतर मुलाला मुद्दाम विचारायला पाठवलं. एकदा लिहिलं की खोडायची पद्धत नाही म्हणे.