अंबूआक्कांचं नख

अंबूआक्का डोळे मिटून बघायच्या. गिऱ्हाइकानं चांदीची वस्तू हातात दिली की त्या डोळे मिटायच्या आणि उजव्या अंगठ्याचं नख तिच्यावरून फिरवायच्या. ते नख त्यांनी मुद्दाम वाढवलं होतं. जाड, पिवळं, कवडीसारखं. कुठं खोट असली की नख थांबायचं. मग त्या एवढंच म्हणायच्या, "अडलं." त्यावर कुणी वाद घालायचा नाही. नजर अधू झाली होती म्हणून असं करतात, असं मला आधी वाटलं. पुढं कळलं, नजर चांगली होती तेव्हाही त्या असंच बघायच्या.

मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. दौंडला रेल्वेत गँगमन होतो, उभा जन्म रुळावर घण मारला. लिहायची सवय नाही. पण आक्कांनी केलेल्या एकाही वस्तूवर त्यांचं नाव नाही, म्हणून लिहितो.

माझी बायको हौसा गेली त्याला दोन महिने झाले होते. तिची पायातली जोडवी रुमालात बांधून मी एसटीनं शिरूरला गेलो. लग्नात ती शिरूरच्याच सराफ गल्लीतून घेतली होती. दुकान तेच होतं, पाटी नवी होती. गल्ल्यावर पन्नाशीचा विलास बसला होता. त्याला म्हटलं, "ही आटवा आन् मला एक अंगठी करून द्या."

तो म्हणाला, "आबा, आता कोण घडवीत बसतं? ही मोडीत घाला आन् ह्या ट्रेमधली एक उचला. मशीनचा माल हाय, फिनिशिंग बघा."

"मला ह्याचीच पायजे."

"अवो, चांदी ती चांदीच."

"तुझी आई आन् दुसऱ्याची आई एकच का रं मग?"

बोललो आणि वाटलं, जास्त झालं. तेवढ्यात मागच्या पडद्याआडून बाईचा आवाज आला, "विलास, आत धाड त्यांना."

आत एक म्हातारी ऐरणीपुढं पोत्यावर बसली होती. माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठी असेल. अंगानं काटकुळी, कपाळ मोकळं. ती विलासची चुलती, अंबूआक्का. तिनं जोडवी घेतली, डोळे मिटले, नख फिरवलं.

"दोरा कुणी गुंडाळलाय?"

"तिनंच."

"सैल व्हायची व्हय?"

"न्हाई. वाजायची."

खरं ते सांगितलं. दौंडला क्वार्टरमध्ये शहाबादी फरशी होती. हौसा चालली की जोडवी टक टक वाजायची. मी रात्रपाळी करून सकाळी झोपायचो आणि खेकसायचो, "पाय वाजवू नको गं." तिनं वाद घातला नाही. चारी वेढ्यांना दोरा गुंडाळला. मी रिटायर झालो, रात्रपाळी गेली, तरी दोरा तसाच. मळला की नवा गुंडाळायची. माझ्या ते ध्यानातसुद्धा नव्हतं. आता घरात सुई पडली तरी ऐकू येते.

आक्कांचं नख एका जागी थांबलं. "ह्याचा वेढा कुणी फाकवला? वढून काढलंय हे."

"मी."

"कवा?"

"घाटावर."

बोटं सुजली होती. उजव्या पायाचं निघालं, डाव्याचं निघेना. माणसं उन्हात उभी होती. कुणीतरी म्हणालं, आबा, उरका. मी ओढलं. जिवंतपणी तिच्या पायाला मी कधी हात लावला नव्हता आणि लावला तो असा. हे मी माझ्या पोरांनाही सांगितलं नव्हतं. ह्या अनोळखी बाईला पहिल्या पाच मिनिटांत सांगून बसलो.

आक्कांनी तो फाकलेला वेढा बोटांनी चाचपला. मग जोडवी माझ्या हातात परत ठेवली. "मी ही मोडणार न्हाई."

"मग कोण मोडंल?"

"तुमी. वढून तुमीच काढलीत, आता अंगठी बी तुमीच करा. शिकवते मी."

"आवो बाई, मी घण मारणारा माणूस."

"हितं बी ठोकायचंच हाय. जरा हळू."

मला राग आला होता. तरी पुढच्या सोमवारी मी परत गेलो.

त्यांनी चांदीला हात लावू दिला नाही. आधी तांब्याची तार. तापवायची, मऊ करायची, निमुळत्या लोखंडी दांड्यावर वळवायची, दोन्ही टोकं कानशीनं घासून एकमेकांना भिडवायची. माझ्या बोटांत तार दिसायचीसुद्धा नाही. तिसऱ्या खेपेला वाटलं, जमली. आक्कांच्या हातात दिली.

"ह्यात नख जातंय की."

"मंग? ठेवलीय फट."

"ठेवलीय?"

मी शहाण्यासारखं समजावून सांगितलं. रुळाच्या सांध्यात फट ठेवावी लागते. उन्हाळ्यात लोखंड वाढतं, त्याला जागा पाहिजे. फट नसली तर रूळ वाकतो आणि गाडी पडते.

आक्कांनी तोंडाला पदर लावला. खांदे गदागदा हलायला लागले. मग पडद्याकडं तोंड करून ओरडल्या, "विलास! आरं पळत ये. दौंडच्या पाव्हण्यांनी अंगठीवरनं मेल न्यायची ठरवलीय!"

विलास हसला, दुकानातली गिऱ्हाइकं हसली. तेव्हापासून माझं नाव पडलं रूळवाले. हसून झाल्यावर त्यांनी ती अंगठी माझ्या तळहातावर ठेवली. "फट जोडव्याला ठेवायची. बाईचा पाय सुजतो, लेकरं व्हत्यात, वय व्हतं. त्याला मोकळं ठेवावं लागतं. अंगठीच्या सांध्यात उजेड दिसला की डाग बसत न्हाई. डाग म्हंजी काय खड्ड्यातला मुरूम न्हाई भरायला. दोन्ही तोंडं एकमेकाला चिकटलेली पायजेत, मंगच त्यो मधनं पळतो."

सोनार सांधा जोडायला जो बारीक तुकडा वितळवतात, त्याला डाग म्हणतात. मला माहीत नव्हतं.

पाचवी की सहावी अंगठी असेल. टोकं भिडली, नख गेलं नाही. आक्कांनी सांध्याला टाकणखार लावायला सांगितला, वर चांदीचा कण ठेवायला लावला, पुढं दिवा ठेवला, ज्योत सांध्यावर फुंकायची फुंकणी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "हां. आता डाग द्या."

माझा हात जागीच राहिला. घाटावर चितेपुढं हेच म्हणाले होते सगळे. आबा, फिरा आता, डाग द्या.

"का थांबला?"

मी सांगितलं.

आक्कांनी दिव्याची वात बारीक केली. म्हणाल्या, "मला दुसरा शब्द येत न्हाई, रूळवाले. आमच्यात ह्योच हाय. शिकायचं आसंल तर ह्यालाच शिका. न्हाईतर चहा प्या आन् घरी जा."

चहा आला. मी प्यालो. मग डाग दिला. तो एका बाजूला पळाला आणि सांधा उघडाच राहिला. आक्कांनी नख लावलं. "जिकडं ताप जास्ती, तिकडं पळतो त्यो. दोन्ही अंगांना सारखं तापवा. परत."

हे "परत" मी पावसाळाभर ऐकलं. वाया गेलेल्या अंगठ्या त्या एका पत्र्याच्या डब्यात टाकायच्या. मी गेलो की आधी तो डबा खुळखुळ वाजवायच्या. "तुमची मालगाडी आली बघा."

अशा बसण्यात त्यांची हकिकत कळत गेली. लग्नानंतर चौथ्या वर्षी नवरा तापानं गेला. पोरबाळ नाही. सासऱ्यांनी त्यांना माहेरी धाडलं नाही, पडद्यामागं ऐरणीवर बसवलं आणि जोडवी करायला शिकवलं. पण हे कुणाला सांगायचं नाही. "नव्या नवरीच्या जोडव्याला रांडमुंड बाईचा हात लागलेला कुणाला चालंल?" आक्का स्वतःच म्हणायच्या, भाजीचा भाव सांगावा तशा. "सासरं म्होरं बसायचं, मी मागं. गिऱ्हाईक म्हणायचं, मामा, काय हात हाय तुमचा! मामा म्हणायचं, हां. आन् मी हितं खोकला दाबून बसायची." सासऱ्यांमागं दीर, दिरामागं विलास. पडदा तोच राहिला.

दिवाळी झाल्यावर एका सोमवारी त्यांनी माझी तांब्याची अंगठी नखानं तपासली, दोनदा तपासली आणि डब्यात टाकली नाही. म्हणाल्या, "आणा तिची."

मी रुमाल सोडला. कुठलं घ्यायचं ते आधीच ठरवलं होतं, डाव्या पायाचं, ओढलेलं. दोरा सोडून खिशात ठेवला. जोडवं तापवलं, वेढे हळूहळू उलगडले. तार सरळ होत आली तेव्हा आक्का म्हणाल्या, "शेवटाला आतल्या अंगानं बघा. तीन रेघा हायती का?"

होत्या. घासून पुसट झालेल्या, पण तीन.

"सासरं दोन मारायचं. मी तीन."

मी त्या परत मोजल्या. "म्हंजी ही तुमी केलेली?"

"पैल्याच दिवशी नखाला लागल्या. टोकाला दोरा नव्हता."

"मंग तवाच का न्हाई बोलला?"

"बोलले असते तर तुमी म्हणाला असता, केलीत तुमी, मोडा बी तुमीच. माझ्याच्यानं झालं नसतं. मी केली खरी, पर तिनं घातली." थोड्या वेळानं म्हणाल्या, "कशी चालायची वो ती?"

मी हातोडी घेतली आणि ऐरणीवर हौसाचं चालणं वाजवून दाखवलं. चुलीपासून मोरीपर्यंत, मोरीपासून दारापर्यंत. दारात ती जरा थांबायची, तिथं थांबलो.

आक्का ऐकत होत्या. म्हणाल्या, "मंग जास्ती कानसू नका. पातळ केली तर मुकी व्हईल. अंगठी वाजली पायजे."

अंगठी झाली. आक्कांचं नख सांध्यावरून सरळ गेलं आणि पुढं एका जागी थांबलं. "अडलं." जिथं मी ओढून वेढा फाकवला होता, तिथं चांदीला बारीक पीळ राहिला होता. मी कानस उचलली. त्यांनी माझं मनगट धरलं. "ऱ्हाऊ द्या. त्ये तुमचं हाय."

मी अंगठी घातली आणि बाईमाणसासमोर रडलो. आक्का शेगडीतली राख सारखी करत राहिल्या.

वाटलं होतं, आता शिरूरची दर सोमवारची खेप संपली. पण निघताना त्यांनी पोत्याखालून एक चिंधी काढली. गाठ इतकी जुनी की सुटेना, दातानं सोडली. आत जोडवी होती. आतल्या अंगानं दोन रेघा.

"माझी," त्या म्हणाल्या. "सासऱ्यांनी किती येळा मागितली, आटवू म्हणून. दिली न्हाईत. मीच करीन म्हणलं, बोटात घालीन. आख्ख्या तालुक्याला डाग दिला, ह्याला देववंना. आन् आता बारीक सांधा दिसत न्हाई. रूळवाले, माझी बी करा."

"आक्का, बिघडलं तर?"

"बिघडू द्या. चांदीच हाय." पण चिंधी त्यांनी हातातनं सोडली नव्हती.

मला तीन आठवडे लागले. दोनदा टोकं भिडवून परत सोडली. तिसऱ्या सोमवारी डाग दिला. तो सुतासारखा मधून पळताना मी डोळ्यांनी पाहिला. चिंचेच्या पाण्यात उकळली, रिठ्यानं घासली आणि त्यांच्या तळहातावर ठेवली. इन्स्पेक्शनची ट्रॉली यायची तेव्हा उभा राहायचो तसा उभा राहिलो.

आक्कांनी डोळे मिटले. नख एकदा फिरलं. दुसऱ्यांदा फिरलं. मग उलटं फिरलं. त्यांनी डोळे उघडले.

"सांधा कुठं केलाय वो?"

मी वाकून पाहिलं. मलाही सापडला नाही.

त्यांनी अंगठी बोटात घातली, पदर सारखा केला, पडदा बाजूला केला आणि गल्ल्याजवळच्या खुर्चीवर जाऊन बसल्या. विलास बघतच राहिला. समोर केंदूरची एक बाई लेकीच्या लग्नाची जोडवी बघत होती. तिनं विचारलं, "हातानं घडवल्यात व्हय? कुणी?" विलास तोंड उघडायच्या आत आक्कांनी आपला हात वर केला. "म्या." बाईनं त्यांच्या मोकळ्या कपाळाकडं पाहिलं, हाताकडं पाहिलं. जोडवी परत उचलली आणि लेकीला म्हणाली, "बस खाली, पाय पुढं कर."

त्यानंतर आक्का पडद्यामागं फक्त कामाला जायच्या.

यंदा थंडीत गेल्या. झोपेतच. विलासचा फोन आला, मी पहिल्या गाडीनं गेलो. बायकांनी अंघोळ घातली होती. अंगठी निघत नव्हती, बोट सुजलं होतं. कुणी म्हणालं साबण लावा, कुणी म्हणालं दोरा घालून ओढा. विलासनं माझ्याकडं पाहिलं.

मी म्हटलं, "वढू नका."

अंगठी बोटातच राहिली. घोडनदीच्या घाटावर विलासनं डाग दिला.

परत येताना एसटीत खिडकीशी जागा मिळाली. आता मीही नख वाढवलंय. अंगठीवरून फिरवलं, त्या एका जागी अडलं. न्हावऱ्याच्या पुढं रस्ता खराब आहे. मी पुढच्या सीटचा दांडा धरला आणि गाडी हलली की अंगठी त्याच्यावर वाजायला लागली. टक, टक. शेजारी एक माणूस पाळी करून आलेला, कंपनीच्या शर्टातच झोपला होता. त्यानं डोळे न उघडता म्हटलं, "आबा, वाजवू नका ना."

मी हात काढणार होतो. काढला नाही.

म्हटलं, "वाजू द्या, पाव्हणं. दौंड आलंच."